राक्षसांचे गाव आणि समुद्र

१

दिवाळीच्या चार दिवसांत आपण दोन असुरांची आठवण काढतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट पायाखाली चिरडून नरकासुराचा वध केला जातो. गोव्यात तर कागद, गवत आणि बांबू यांचे अवाढव्य नरकासुर रात्रभर मिरवून उजाडण्यापूर्वी जाळतात. त्यानंतर लगेच पाडवा येतो, आणि ओवाळताना घरातली बायामाणसे बळीचे राज्य यावे असे मागणे मागतात. बळी हाही असुरच. एकाला जाळावे आणि दुसऱ्याला बोलवावे यात आपल्याला कधी विसंगती वाटलेली नाही. असुरांतही दांडगे असतात तसे दानशूर असतात, हे आपल्या परंपरेने फार पूर्वीच मान्य करून टाकले आहे. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिताना जोतीराव फुले यांना बळीराजाला थोर राजा म्हणून उभे करता आले, त्याला लोकांच्या मनातला हा बळी उपयोगी पडला असलाच पाहिजे.

इंग्रजी अद्भुतकथेचा राक्षस मात्र बराच काळ एकाच साच्याचा होता. त्याचे नाव ऑर्क. ज्या घरांत संगणकावर खेळणारी मुले आहेत तेथे हे नाव अपरिचित नसेल. वडीलधाऱ्यांसाठी सांगायचे, तर ऑर्क म्हणजे बेढब शरीराचा, सुळेवाला, माणसांचा आणि झाडांचा सारखाच वैरी असा एक प्राणी. तो नेहमी टोळीने येतो, कोणाच्या तरी हुकुमाने येतो आणि कथानायकाच्या तलवारीने मरतो. त्याच्या मरणाचे वाचकाला काही वाटू नये अशी तजवीज लेखकाने आधीच केलेली असते.

गेल्या काही वर्षांत या ऑर्काचे एक निराळेच चित्र पुढे आले आहे. समुद्रकाठी वसलेले एक लहानसे गाव. किनाऱ्याला वाहून आलेल्या लाकडांच्या झोपड्या. ओट्यावर बसून एक हिरव्या कातडीची, सुळेवाली आजी जाळे सांधते आहे. पोरे लाटांत डुंबताहेत. गाव समुद्राकडून गरजेपुरते घेते, झाडाची क्षमा मागितल्यावाचून फांदी तोडत नाही, वारा आणि पाणी यांच्याशी बोलते. चित्रकारांच्या चित्रांत, पटावरच्या आणि संगणकावरच्या खेळांत, हौशी लेखकांच्या गोष्टींत असे गाव वारंवार भेटते. कालचा वैरी आज निसर्गाचा लाडका झाला आहे.

हे चित्र पाहून मन प्रसन्न होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रसन्नतेच्या भरात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्या ऑर्काला पूर्वी जन्मतःच दुष्ट ठरवले होते, त्याला आता जन्मतःच सात्त्विक ठरवले, तर त्याच्या पदरात नेमके काय पडले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना या प्राण्याची कुळकथा थोडी तपासावी लागेल.

२

ऑर्काला आजचे रूप दिले ते जे. आर. आर. टॉल्कीन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने. शब्द त्याने जुन्या इंग्रजीतून उचलला. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन काव्यात दुष्ट योनींच्या यादीत त्याच्या जवळचे एक रूप आढळते. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हॉबिट’ या बालकादंबरीत हे प्राणी बहुतेक ठिकाणी ‘गॉब्लिन’ या नावाने वावरतात. तेथेच टॉल्कीनने त्यांच्याविषयी एक मार्मिक गोष्ट नोंदवून ठेवली आहे: सुंदर वस्तू त्यांना घडवता येत नाहीत, परंतु यंत्रे, आणि त्यातही एका फटक्यात पुष्कळांना मारणारी यंत्रे, यांत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत राहून आलेल्या माणसाने हे लिहिले आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यातली धार कळते.

१९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत तीन खंडांत निघालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये ऑर्क पुरता उभा राहिला. त्यात सारूमान नावाचा एक मांत्रिक आहे. त्याच्या भट्ट्यांना जळण हवे असते, आणि त्याचे ऑर्क शेजारच्या फँगॉर्न अरण्यातली झाडे कुऱ्हाडीने पाडतात. अखेर त्या अरण्याचे राखणदार असलेले, चालते-बोलते वृक्षच म्हणावेत असे ‘एंट’, चवताळून उठतात आणि मांत्रिकाचा कोट उद्ध्वस्त करतात. म्हणजे टॉल्कीनच्या सृष्टीत ऑर्क आणि झाड यांचे वैर हे काही ओघाओघाने आलेले नाही. यंत्रयुगाने निसर्गावर उगारलेला हात म्हणजे ऑर्क, इतकी ती प्रतिमा स्पष्ट आहे. समुद्रकाठचे ते शांत गाव याच प्रतिमेला उलटे करून बनलेले आहे.

टॉल्कीनला मात्र आपल्या या प्राण्याने सुखाने झोपू दिले नाही. तो श्रद्धाळू कॅथॉलिक होता. सैतानाला नवे काही निर्माण करता येत नाही, असलेले बिघडवता येते एवढेच, अशी त्याची धारणा होती. मग ऑर्क आले कोठून? त्याच्या मृत्यूनंतर १९७७ साली मुलाने संपादून प्रसिद्ध केलेल्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये उत्तर असे आहे की, बंदीत टाकून, छळून, विद्रूप केलेल्या एल्फांची ही संतती. पण हे उत्तर स्वीकारले की दुसरा पेच पडतो. मूळ आत्मा शाबूत असेल, तर त्याच्या उद्धाराची वाटही उघडी असली पाहिजे. आणि ती उघडी असेल, तर कथेत त्यांची जी सर्रास कत्तल चालते तिचे काय? आयुष्याच्या उत्तरार्धात टॉल्कीनने या उत्पत्तीचे निरनिराळे खुलासे करून पाहिले. समाधान होईल असा एकही त्याला सापडला नाही.

आणखी एक डाग आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. १९५८ सालच्या एका पत्रात ऑर्कांच्या चेहऱ्यामोहऱ्याचे वर्णन करताना त्याने मंगोल वंशाच्या लोकांचा दाखला दिला आहे. युरोपीय नजरेला जे रूप ओंगळ वाटते ते, असा त्याचा रोख. याच माणसाने १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, मुलाला लिहिलेल्या पत्रात असेही म्हटले होते की, प्रत्यक्ष जगात ऑर्क दोन्ही बाजूंना असतात. दोन्ही वाक्ये एकाच लेखणीतली. पहिल्यात ऑर्कपणा चेहऱ्यात आहे, दुसऱ्यात तो वागणुकीत आहे. पुढच्या सत्तर वर्षांतल्या सगळ्या ऑर्ककथा या दोन वाक्यांच्या मध्ये कोठे तरी उभ्या आहेत असे म्हणता येईल.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या खंडाच्या शेवटी एक छोटा प्रसंग आहे. शॅग्राट आणि गॉर्बाग हे दोन ऑर्क-नाईक बोलत बसले आहेत आणि आडोशाला लपलेला सॅम ते ऐकतो. दोघेही वरिष्ठांवर वैतागले आहेत. या लढाईचे काही खरे नाही असे त्यांना वाटते. संधी मिळाली तर आपण सटकू, चार विश्वासू पोरे घेऊ आणि कोठे तरी स्वतंत्रपणे राहू, जेथे डोक्यावर कोणी मोठा साहेब नसेल, असे गॉर्बाग म्हणतो. जवळपास लूट सहज मिळावी, ही अटही तो घालतोच! थोड्याच वेळात एका किमती चिलखतावरून दोघांच्या टोळ्या आपसांत भिडतात, कापाकापी होते, आणि गॉर्बाग शॅग्राटच्याच हातून मरतो. तरीही त्या दोन मिनिटांत ते आपल्यासारखे झाले होते. ऑर्कांना स्वतःचे गाव असावे ही कल्पना प्रथम बोलून दाखवली ती ऑर्कांनीच, आणि ती टॉल्कीनने लिहून ठेवली. एवढे करून तो पुढे गेला. याच खंडात सॅम एका मेलेल्या परक्या सैनिकाकडे पाहतो. याचे नाव काय असेल, हा खरोखर दुष्ट होता की कोणाच्या थापांना भुलून घर सोडून आला, असा विचार त्याच्या मनात येतो. तो सैनिक माणूस आहे. मेलेल्या ऑर्काकडे पाहून असा विचार कोणाच्या मनात येत नाही. त्या प्रचंड कथेत ऑर्कांची एक आई किंवा एक मूल आपल्याला कोठे दिसत नाही.

३

आईमूल नसलेल्या या जमातीला घरदार मिळाले ते पुस्तकांत कमी आणि खेळांत अधिक. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा पटावरचा खेळ निघाला, तेव्हा त्यात ऑर्क होता तो मारण्यापुरता. १९९४ साली ‘वॉरक्राफ्ट’ हा संगणकावरचा खेळ आला. त्यात खेळणाऱ्याला माणसांच्या बाजूने लढता येई, तसेच ऑर्कांच्याही. स्वतः ऑर्क होऊन खेळायचे म्हटले की पहिला प्रश्न पडतो तो असा की, हे लोक लढत नसतात तेव्हा काय करतात? या प्रश्नाने या मालिकेच्या कर्त्यांना हळूहळू एक समाज रचावा लागला. २००२ सालच्या ‘वॉरक्राफ्ट’च्या तिसऱ्या खेळात तो समाज दिसतो, आणि आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण तेच आहे.

व्हिडिओ गेमला वाङ्मयाच्या पंक्तीला बसवावे की नाही, यावर वाद घालता येईल. परंतु लाखो तरुण मनांवर ज्या कथेचा ठसा उमटला आहे ती कथा म्हणून तपासायला हरकत नसावी. कथा थोडक्यात अशी: ऑर्क मूळचे दुसऱ्या एका भूमीवरचे. तेथे त्यांचे शमन, म्हणजे आपल्याकडच्या देवऋषींसारखे लोक, पृथ्वी, आप, तेज, वायू यांची आर्जवे करून त्यांचे साहाय्य मिळवीत. पुढे सत्तेच्या मोहाने त्यांच्या नायकांनी एका दैत्याचे रक्त प्राशन केले. महाभूतांनी पाठ फिरवली, जमीन करपली, आणि उन्मत्त झालेली ही जमात दुसऱ्यांचे देश जिंकायला निघाली. हरल्यावर त्यांना छावण्यांत डांबले गेले. माणसांच्या घरी गुलाम म्हणून वाढलेला थ्रॉल नावाचा ऑर्क त्यांना सोडवतो, जुनी शमनविद्या पुन्हा जागी करतो आणि सर्वांना घेऊन समुद्रापार जातो. वाटेत एका बेटावरचे ट्रोल त्यांना येऊन मिळतात; त्यांचा म्हातारा नायक सेन्जिन मरताना आपली माणसे थ्रॉलच्या हाती सोपवतो. पुढे समुद्रकाठच्या तांबड्या, रखरखीत मातीत ‘ड्युरोटार’ नावाचे राज्य उभे राहते, आणि त्याच्या किनाऱ्यावर त्या म्हाताऱ्याच्या नावाचे एक गावही वसते.

येथवर ही कथा समुद्रकाठच्या त्या रम्य चित्राशी जुळते. तिचे खरे मोल पुढे आहे. ड्युरोटारात झाडे नाहीत आणि घरे तर बांधायची आहेत. म्हणून ग्रॉम हेलस्क्रीम या सरदाराची टोळी उत्तरेच्या ॲशनव्हेल अरण्यात जाते आणि लाकूडतोड सुरू करते. अरण्याचा रक्षक सेनारियस चालून येतो. त्याच्यापुढे टिकाव लागत नाही असे दिसताच ग्रॉम तेच जुने दैत्यरक्त पुन्हा पितो आणि त्या वनदेवाला ठार करतो. महाभूतांची क्षमा मागून निघालेली जमात पहिल्याच मुक्कामात वनदेवाची हत्या करून बसते. आणि याला निमित्त काय, तर घराला लागणारे वासे!

खेळाच्या कर्त्यांना हे किती जाणवले होते सांगता येत नाही, पण कथेने येथे एक सत्य पकडले आहे. निसर्गाशी जमवून घेणे सोपे असते ते ज्याला भूक नाही, थंडी नाही, आणि ज्याच्या पोरांच्या डोक्यावर छप्पर घालायचे नाही त्याला. गाव म्हटले की चूल आली, चूल म्हटली की सरपण आले, आणि सरपण म्हटले की कुऱ्हाड आली. ऑर्कांच्या हातातली कुऱ्हाड सारूमानाची असताना प्रश्न सोपा होता. ती त्यांची स्वतःची, गरजेची झाली, तेव्हा कोठे त्यांच्या हातून पाप घडू शकले. आणि पाप घडू शकले म्हणूनच पश्चात्तापही शक्य झाला. ग्रॉम शेवटी त्या दैत्याला मारताना स्वतः मरतो. त्याच्या मरणाने आपल्याला चुटपूट लागते. टॉल्कीनच्या कोणत्याही ऑर्काच्या मरणाने ती लागली नव्हती.

२००३ साली निघालेल्या पुढच्या भागात आणखी एक प्रसंग आहे. माणसांचा वृद्ध दर्यासारंग डेलिन प्राउडमूर आरमार घेऊन ड्युरोटारच्या किनाऱ्यावर येतो. ऑर्कांनी त्याला जन्मभर जे दाखवले तेच त्याला खरे वाटते. ते बदलले आहेत यावर त्याचा विश्वास बसत नाही. त्याची मुलगी जेना हिने थ्रॉलशी सलोखा केलेला असतो. ती बापाची समजूत घालून पाहते, ती पटत नाही, आणि अखेर बाप लढाईत मारला जात असताना ती आड येत नाही. म्हातारा मूर्ख नाही. त्याच्याजवळ कारणे आहेत. ऑर्क उपजतच सज्जन दाखवले असते, तर हा म्हातारा निव्वळ खलपुरुष झाला असता आणि त्याच्या मुलीला काही गमवावे लागले नसते. ऑर्कांचा भूतकाळ खरा आहे म्हणून तिच्या विश्वासाला किंमत आहे.

४

अलीकडच्या काळात दुसरीही एक वाट निघाली आहे. ट्रॅव्हिस बाल्ड्री या अमेरिकन लेखकाच्या ‘लेजंड्स अँड लाटेज’ (२०२२) या कादंबरीत व्हिव नावाची ऑर्क योद्धी तलवार खुंटीला टांगते आणि एका शहरात कॉफीचे दुकान थाटते. त्याच्या ‘बुकशॉप्स अँड बोनडस्ट’ (२०२३) या दुसऱ्या कादंबरीत तिचे आधीचे आयुष्य येते: जखमी होऊन ती मर्क नावाच्या सुस्त समुद्रकाठच्या गावी पडून आहे, आणि तेथल्या डबघाईला आलेल्या पुस्तकांच्या दुकानात तिला वाचनाची गोडी लागते. या कादंबऱ्या उबदार आहेत, विनोद निर्मळ आहे, आणि पावसाळ्यात वाचायला त्यांच्यासारखी पुस्तके थोडी. व्हिव ही पोकळ प्रतिमा नाही, व्यक्ती आहे. तिला कंटाळा येतो, मोह होतो, भीती वाटते.

पण व्हिव एकटी आहे. मर्क हे ऑर्कांचे गाव नाही. तिची आई कोण, तिच्या लोकांत मासे कोण मारते आणि भांडण झाले तर कोण मिटवते, याची विचारपूस करण्याची गरज लेखकाला भासत नाही. एक ऑर्क चांगली निघाली एवढ्याने जमातीचा प्रश्न सुटत नाही, तो टळतो. आपल्याकडेही एखाद्याविषयी ‘तो त्यांच्यातला वाटत नाही’ असे कौतुकाने म्हणतात; त्या कौतुकात बाकीच्यांविषयीचे मत जसेच्या तसे राहिलेले असते.

याच्या नेमक्या उलट टोकाला, ऑर्क हा शब्दही न वापरता, या प्रश्नाच्या गाभ्याला हात घातला तो उर्सुला लेग्विन या लेखिकेने. १९७२ साली प्रसिद्ध झालेली तिची ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ ही दीर्घकथा व्हिएटनाम युद्धाच्या छायेत लिहिली गेली. अरण्याने झाकलेल्या एका ग्रहावर हिरव्या लवीचे ठेंगणे लोक राहतात. पृथ्वीवरची लाकडे संपली आहेत, म्हणून पृथ्वीवरचे वसाहतवाले येथे येऊन जंगल तोडतात आणि या लोकांना कामाला जुंपतात. हे लोक स्वभावतःच अहिंसक आहेत, असा वसाहतवाल्यांचा ग्रह. तो त्यांच्या सोयीचाही आहे, कारण जो उलटून मारणारच नाही त्याला राबवायला भय कसले?

लेग्विनबाईंनी येथे एक सूक्ष्म तपशील पेरला आहे. या लोकांत मारामारी होत नाही, कारण ती टाळण्याच्या रीती त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवल्या आहेत. दोन पुरुषांची चुरस लागली तर ती गाण्यात लढवली जाते. शांतता ही त्यांच्या रक्तातली देणगी नाही, तो त्यांचा सराव आहे. आणि सराव मोडता येतो. बायकोच्या मृत्यूनंतर सेल्व्हर नावाचा त्यांच्यातला एक जण मारायला शिकतो, इतरांना शिकवतो, आणि ते लोक वसाहतवाल्यांना हुसकावून लावतात. विजय मिळतो. परंतु एकदा शिकलेली हत्या विसरता येत नाही. ते अरण्य आता पूर्वीचे राहिलेले नाही, हे सेल्व्हरला कळते आणि आपल्याला कळते. कथा संपल्यावर आनंद होत नाही, आणि तेच तिचे यश आहे.

ही कथा वाचल्यावर समुद्रकाठच्या त्या चित्राकडे पुन्हा पाहावे. आजी जाळे सांधते आहे, पोरे डुंबताहेत, सगळे गाव निसर्गाशी एकरूप आहे. या गावातले कोणी कधी चुकले आहे काय? चुकू शकते काय? दुष्काळ पडला तर? शेजारच्या गावाने मोठी जाळी आणली तर? पोरांपैकी एकाला या साऱ्याचा कंटाळा आला आणि बोट घेऊन पळून जावेसे वाटले तर? चित्रात या प्रश्नांना जागा नसेल, तर ती आजी आणि सारूमानाचा कुऱ्हाडवाला ऑर्क यांच्यात अंतर फारसे नाही. एकाला दुष्टपणाचा हुकूम होता, दुसरीला चांगुलपणाचा आहे. निवड दोघांनाही नाही.

५

असल्या गावाची खरी कल्पना आपल्याकडे आहे, आणि ती फार जुनी आहे. रामायणाच्या उत्तरकांडात अगस्ती रामाला राक्षसांच्या जन्माची कथा सांगतात. प्रजापतीने आधी पाणी निर्माण केले, आणि मग त्या पाण्याच्या रक्षणासाठी प्राणी उत्पन्न केले. ते भुकेने आणि तहानेने व्याकूळ होते. आम्ही काय करावे, असे त्यांनी विचारले. रक्षण करा, असे उत्तर मिळाले. त्यांच्यापैकी जे ‘आम्ही रक्षण करू’ म्हणाले ते राक्षस झाले. दुसरे होते ते यक्ष. म्हणजे ज्या शब्दाने आज आपण पोरांना भिववतो, त्याचा या कथेने दिलेला अर्थ ‘पाण्याचा राखणदार’ असा आहे.

या कथेतली भूक मला फार महत्त्वाची वाटते. प्रजापतीने तृप्त देवदूतांना पाण्यावर बसवले नाही. भुकेल्या आणि तान्हेल्या प्राण्यांना बसवले. समोर पाणी आहे, घशाला कोरड आहे, आणि राखायचे आहे. राखण या शब्दाला अर्थ येतो तो तेथे. पुढे त्यांच्या वंशजांनी काय केले हे आपण जाणतो, परंतु ते राखण्यात चुकले असे म्हणता येते, कारण राखणे हे त्यांच्यावर सोपवलेले काम होते. जनावरावर असा ठपका ठेवता येत नाही.

‘रक्ष्’ याच धातूतून आलेला ‘राखण’ हा शब्द आपल्या किनाऱ्यावर अजून जिवंत आहे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात गावाचा राखणदार असतो. त्याला नारळ देतात, त्याचा धाकही बाळगतात. देवराईतली फांदी तोडू नये असा दंडक असतो, आणि दंडक असतो याचाच अर्थ कोणाला तरी ती तोडावीशी वाटत असते. समुद्राचेही तेच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची कायद्याने बंदी असते. माशांच्या विणीचा तो काळ, आणि दर्याही खवळलेला. कोळी समाजात समुद्राला नारळ वाहून मगच होड्या लोटायच्या, ही रीत कायद्याच्या कितीतरी आधीची. परंतु नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टात येते आणि बंदी संपते ३१ जुलैला. मधल्या दिवसांत कर्जाचा हप्ता समोर असताना थांबायचे की जायचे, हा प्रश्न पंचांग सोडवत नाही आणि कायदाही सोडवत नाही. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवर महाराष्ट्र सरकारने २०१६ साली निर्बंध घातले. लहान होडीवाले आणि मोठ्या जाळ्यांचे मालक यांच्यातली भांडणे त्याने मिटली नाहीत. ज्याला दुरून पाहणारा ‘निसर्गाशी सुसंवाद’ म्हणतो, ते जवळून असे दिसते: नियम, नियमभंग, बैठका, दंड, रुसवे आणि पुन्हा पुढच्या वर्षी तेच.

कोळीवाड्याला निसर्गाचे निष्पाप लेकरू म्हणणारा माणूस त्याचे कौतुक करत असतो, पण त्याचे हे सारे कष्ट आणि शहाणपण तो एका शब्दात पुसून टाकतो. शिवाय लेकराला कोणी सल्ला विचारत नाही. बंदर कोठे व्हावे, भराव कोठे पडावा, हे मग मोठी माणसे ठरवतात. कल्पित ऑर्कांविषयी कसे लिहावे या प्रश्नाला जगात वजन येते ते यामुळे. ज्या डोळ्यांनी आपण गोष्टीतल्या परक्याकडे पाहायला शिकतो, त्याच डोळ्यांनी पुढे शेजाऱ्याकडे पाहतो.

म्हणून ऑर्कांचे गाव लिहिणाऱ्याने ते जरूर समुद्रकाठी वसवावे. आजीला जाळे सांधू द्यावे. पण त्या जाळ्याचे भोक किती मोठे असावे यावरून गावात दोन तट असू द्यावेत, आणि आजी कोणत्या तटात आहे हे आपल्याला कळू द्यावे. एखाद्या वर्षी मासा आला नाही आणि कोणी तरी विणीच्या दिवसांत रात्री गुपचूप होडी लोटली, तर तिचा नातूच त्यात निघावा. मग आजी काय करते ते पाहायला आम्ही वाचक शेवटच्या पानापर्यंत जागू. त्या रात्री ती जे ठरवील त्याने ते गाव राहील किंवा मोडेल, पण ते तिचे गाव असेल. डोक्यावर मोठा साहेब नसलेली एक जागा शॅग्राट आणि गॉर्बाग यांनी मागितली होती. ती त्यांना मिळाली, तर लुटीवाचून तेथे कसे जगायचे हे त्यांनाच आपसांत भांडून ठरवावे लागेल.